रिकामं आसन

तंजावूर, ११ फेब्रुवारी १९९६, रविवार.

अप्पा, आज धाकटा तिरुचीहून आला. टेम्पोतून डायनिंग टेबल आणलं, खुर्च्या मांडून दिल्या, कॉफी घेतली आणि ऊन उतरायच्या आत परत गेला. जाताना त्याला स्वयंपाकघरात भिंतीला टेकवलेली तुमची मणै दिसली, तुम्ही जेवायला बसायचात तो फणसाचा पाट. म्हणाला, "अक्का, हिच्यावर आता कोण बसतंय? कामवालीला देऊन टाक, चुलीत तरी जाईल." मी बरं म्हटलं.

शाळेत मी तुमच्याच इतिहासाच्या वर्गात होते. लेण्यांच्या धड्याला तुम्ही सांगितलंत, डोंगर वरून खाली कोरत यायचे, आधी छत, मग जमीन. चुकून उडालेला दगड परत बसवता येत नाही. सुरुवातीच्या लेण्यांत बुद्धाची मूर्ती नाही, पूजेला नुसता स्तूप. त्या काळच्या कोरीव चित्रांतही रिकामं आसन, पावलांचे ठसे, आणि भोवती हात जोडलेली माणसं. तसं चित्र वहीत काढायला लावलंत. मला ते आसन मोकळं बघवेना, म्हणून मी त्यावर बुद्ध बसवला, कुरळे केस, लांब कान, सगळं. तुम्ही रबर घेऊन तो पुसलात. "असू दे रिकामं. हात जोडलेत ना सगळे? मग कळतं तिथं कोण आहे." मी घरापर्यंत तुमच्या मागून चालत आले. जेवताना मणैवर बसून ताकभात कालवत तुम्ही हळूच म्हणालात, "तुझं अगदीच चूक नव्हतं गं. पुढं लोकांसही राहवलं नाही. अजिंठ्यास मूर्तीच मूर्ती केल्या. निजलेला बुद्ध केला, गालाखाली हात, आणि खाली रडणारी माणसं." तुम्ही अजिंठा कधी पाहिला नव्हता. मीही अजून पाहिलेला नाही.

तुम्ही गेल्यापासून मणै तिथेच आहे. मी ती रोज पुसते आणि समोर जमिनीवर बसून जेवते. कधी कधी तिच्याशी आपल्या मराठीत बोलते; दुसऱ्या कोणाशी बोलणार? धाकट्याची मुलं तमिळमध्ये उत्तर देतात, आणि हे अक्षर त्यांना वाचता येत नाही. म्हणून हे पत्र कुठे लपवायलाही नको.

संध्याकाळी कामवाली आली तेव्हा मणै उचलली होती. पण दिली नाही. ती भांडी घासून गेली. टेबलावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. मलाही राहवलं नाही, अप्पा. मणै आडवी टाकली, तिच्यावर बसले आणि ताकभात कालवला.