यंदाचा शब्द : मौन

२८ डिसेंबर, दुपार

शाळेत सगळ्यांना संकल्पांची बाधा झाली आहे. दरवर्षीचाच रोग. आमचा मेव्हणा तात्याराव एक तारखेपासून रोज पहाटे चालणार म्हणे. गेल्या वर्षी याच माणसाने तंबाखू सोडली होती. ती तिसऱ्या दिवशी त्याच्याच खिशात सापडली.

मी संकल्प करत नाही. ते किरकोळ माणसांचं काम. मोबाइलवर पुण्याच्या एका बाईंचा व्हिडिओ पाहिला. मोठी माणसं आता वर्षासाठी फक्त एक शब्द निवडतात आणि तो शब्द त्यांना वर्षभर रस्ता दाखवतो. मला हे तत्काळ पटलं. ताडकळसात हे समजणारा दुसरा माणूस नाही, हे ओघाने आलंच.

३० डिसेंबर

शब्द शोधतोय. 'शिस्त' चांगला आहे, पण ती माझ्याकडे आधीच आहे. 'नम्रता' घ्यावा तर जिच्यासमोर नम्र व्हावं अशी व्यक्ती गावात दिसत नाही. 'संयम' विजयमालाला ऐकवला. ती भाकरी थापत होती. तिला इतकं हसू आलं की भाकरी परातीतच मोडली. बायकोला ज्ञान सांगू नये.

३१ डिसेंबर, संध्याकाळ

सापडला. मौन!

कारण असं. पंचवीस वर्षं या भागातल्या लग्नांचा माइक माझ्याकडे आहे. पाहुण्यांची नावं, त्यांचं स्वागत, वधूवरांचे गुण, दोन्ही घराण्यांचा इतिहास, आशीर्वादपर भाषण. साडेबाराचा मुहूर्त असला तरी दोनच्या आत अक्षता पडत नाहीत, इतकं लोकांना ऐकावंसं वाटतं. पण किंमत? शून्य. गेल्या उन्हाळ्यात पिंगळीच्या लग्नात मी बोलत असतानाच लाइट गेली. फक्त माइकची. पंखे चालू होते. या लोकांची वायरिंगसुद्धा अडाणी.

तर यंदा बन्सीधर सर बोलणार नाहीत. माइक सुना पडेल. दोन लग्नं बिघडली की दारात रांग लागेल. आणि मग आमच्या निकिताच्या लग्नात मी मौन सोडीन. लेकीच्या लग्नात बापाने काय बोलावं, हे जिल्ह्याला एकदा कळू दे.

१ जानेवारी

बसस्टँडवरच्या हॉटेलात शब्द जाहीर केला. मौनाचं महत्त्व पन्नास मिनिटं समजावून सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी चौघे परभणीच्या एसटीत चढून गेले. त्यांना जायचं होतं पूर्णेला. विचारांचा परिणाम असा होतो.

३ जानेवारी

नियम ठरवले. घरात बोलणं मौनात धरायचं नाही. फोनवरचंही नाही. शाळेत फळ्यावर लिहून देईन. तसंही मुलं ऐकत नव्हतीच. मौन फक्त चारचौघांत. तिथेच त्याचा उपयोग.

९ जानेवारी

पालमहून लग्नाचं बोलावणं आलं. मी हात जोडले, ओठांवर बोट ठेवलं. आता गयावया सुरू होतील म्हणून खुर्चीत नीट बसलो. आलेला माणूस म्हणाला, बरं, मग आमी हरिओमला सांगतो. आणि चहा न घेता गेला.

हरिओम म्हणजे पिंगळीचा तो मोबाइल रिपेअरवाला. त्याला 'शुभविवाह' नीट म्हणता येत नाही. बघू या.

१४ जानेवारी

आज एक विलक्षण गोष्ट घडली. शेजारच्या कासाबाई तिळगूळ घेऊन आल्या. गोड बोला म्हणता म्हणता थांबल्या, जीभ चावली आणि चक्क माझ्या पाया पडल्या. म्हणाल्या, सर, मला माफी करा, तुमचं व्रत हाय ते मी इसरलेच. मागोमाग आणखी तिघी आल्या, त्याही पाया पडल्या. एकीने नातवाला माझ्या पायावर घातलं.

हे व्रत नाही, नुसता वर्षाचा शब्द आहे, असं सांगणार होतो. पण सांगायचं तर बोलावं लागलं असतं. शिवाय पुण्याच्या बाईंचा व्हिडिओ कासाबाईंना काय कळणार? डोळे मिटून हात वर केला.

विजयमाला आतून बघत होती. म्हणाली, लय महाराज झालात. बाहेर आंघोळीचं पाणी तापलंय, ते पण कुनी आनून देतंय का बघा.

२० जानेवारी

पालमचं लग्न बारा पस्तीसला लागलं म्हणे. मुहूर्तही बारा पस्तीसचाच. लोक दीडला जेवून घरी. हरिओमने किती वेळ भाषण केलं विचारलं तर म्हणे केलंच नाही. त्याला लग्न म्हणतात? ते तर गाडीचं टाइमटेबल झालं.

२ फेब्रुवारी

निकितासाठी पालमच्या दत्तरावांच्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा आदिनाथ, परभणीत बियाण्यांच्या कंपनीत. बघण्याचा कार्यक्रम आज झाला. मुलगा ठीक. दत्तराव माळकरी. माझ्या मौनाची कीर्ती पालमपर्यंत पोचली आहे! त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, असा व्याही भेटायला नशीब लागतं.

निकिता बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगा तिला पसंत आहे असं विजयमालाकडून समजलं. मला कुणी विचारलं नाही, पण मौनी माणसाला विचारत नाहीत.

१६ फेब्रुवारी, सकाळी ८

आज सुपारी फुटायची. तारीखही ठरेल. निकिता चहा घेऊन आली आणि समोर बसली. असं ती सहसा बसत नाही. म्हणाली, बाबा, एकच काम करा. माझे पेपर तीस एप्रिलला संपायलेत. तारीख त्याच्यानंतरची मागा. मी बोलले तर आगाव म्हणतील, आई बोलली तर ऐकायचे न्हाईत. तुमी म्हनलात तर दत्तकाका नाही म्हणायचे न्हाईत.

मी तिला शब्द दिला. मुलींचं शिक्षण या विषयावर वीस मिनिटं बोललोही. ती मान हलवत होती. शेवटी म्हणाली, हे नका बोलू, नुसतं तीस तारखेनंतर म्हना.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सुपारी फुटली. चाळीस माणसं होती.

दत्तराव म्हणाले, सत्तावीस एप्रिलचा मुहूर्त लय चांगला हाय, सरांची हरकत नसल तर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्याआधी पाचच मिनिटांपूर्वी दत्तरावांनी मला मधल्या लोडाला बसवून हार घातला होता आणि त्यांच्या भावकीतली म्हातारी माणसं पाया पडून गेली होती. अशा वेळी तोंड उघडून काय म्हणायचं, तर पेपर? चाळीस माणसांसमोर पंचेचाळीस दिवसांचं तेज एका टाइमटेबलपायी घालवायचं?

मी डोळे मिटले. नंतर सवडीने फोनवर बोलू असं ठरवून मिटले. दत्तराव म्हणाले, सरांची संमती हाय. साखर वाटली.

डोळे उघडले तेव्हा निकिता दारात उभी होती. मग आत गेली.

१७ फेब्रुवारी

निकिता माझ्याशी बोलत नाही. म्हणजे माझा शब्द तिनेही घेतला. संस्कार कुठे ना कुठे दिसतातच.

१९ फेब्रुवारी

दत्तरावांना फोन करणार होतो. रेंज नव्हती.

२३ फेब्रुवारी

रेंज होती. पण फोन उचलायच्या वेळी त्यांच्या मनातलं माझं स्थान डोळ्यांसमोर आलं. मौनी व्याही फोनवर बोलतो हे त्यांना कळलं तर धक्का बसेल. माणसाचं वय साठच्या पुढे आहे. जिवाला बरं नव्हे.

एक पेपर राहिला तर पुढच्या वर्षी देता येतो. माझ्या ओळखीत असे कितीतरी आहेत. सगळे काहीतरी करतातच.

४ मार्च

पत्रिका छापायला टाकायची म्हणून तात्याराव आला होता. पहाटे चालतो अजून. पोट गेलंय, त्यामुळे माणूस आजारी वाटतो. त्याच्यासमोरच निकिताने माझा फोन उचलला, दत्तरावांना लावला आणि स्पीकरवर टाकला. मला वाटलं, आता घराण्याची अब्रू गेली.

ती म्हणाली, काका, निकिता बोलतेय. माझे पेपर तीसला संपायलेत, तारीख पुढं घेता येईल का? पलीकडून दत्तराव म्हणाले, अगं बाई, मग त्या दिवशीच सांगायचं ना. दोन मेला बी मुहूर्त हाय. परीक्षा सोडून कुनी लगीन लावतं का? आणि फोन ठेवला. मी घड्याळ पाहिलं. दीड मिनिटही झालं नव्हतं.

एका अर्थी हे माझं यश आहे. मी बोललो असतो तर मुलगी कधी बोलती झाली असती? हे मी तिला समजावून सांगत होतो, तर ती पत्रिकेचा कागद घेऊन तात्यारावाबरोबर निघून गेली.

१८ मार्च

भाषण लिहायला घेतलं. चौदा पानं झाली. अजून निकिता पहिलीत आहे.

६ एप्रिल

भाषण बावीस पानं. आवाज कसा लागतोय ते बघायला शाळेमागच्या माळावर गेलो. तिथे मेंढ्या चरत होत्या. 'उपस्थित मान्यवर' म्हणताच उठून पलीकडच्या अंगाला गेल्या. मेंढपाळाने मला हात जोडले आणि खुणेने शांत राहायला सांगितलं. व्रत याच्याही कानावर गेलेलं.

११ एप्रिल

माझ्याच मुलीच्या लग्नाचा माइक हरिओमला दिला आहे.

हे मला पत्रिका वाटून आलेल्या तात्यारावाकडून कळलं. त्याला म्हटलं, माइक मी घेणार. तो मागे सरकला. म्हणाला, दाजी, बोलू नका, पाप माझ्या माथी यील. दत्तरावांनी बजावून सांगितलंय, आमच्या घरच्या कार्यापायी सरांचं व्रत मोडलं तर नव्या जोडप्याला लागंल.

मी ओरडून सांगितलं की हे व्रत नाही, शब्द आहे, व्हिडिओत सांगितलेला. त्याने कानांवर हात ठेवले. अडाण्यांच्या नादी लागून चूक झाली. यांना शब्द आणि व्रत यातला फरक कळत नाही, आणि पाया पडून घेतलं तेव्हा मी तो सांगितला नाही, हे धरून बसतात. म्हणजे धरून कुणीच बसलेलं नाही. मलाच ते आठवलं.

विजयमालाकडे दाद मागितली. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, दोन मिनिटांचं बोलायचं होतं तवा बोलला न्हाईत. आता दोन तास कुनाला पायजेत?

तिला भाषण दाखवलं नाही.

३० एप्रिल

निकिताचा शेवटचा पेपर झाला. चांगला गेला असं तिने आईला सांगितलं. मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं.

२ मे, संध्याकाळी ६

लग्न झालं. मुहूर्त बारा सत्तावीसचा, अक्षता बारा सत्तावीसला. हरिओमने मोजून चार मिनिटं माइक हातात धरला. एकाही पाहुण्याचं नाव चुकलं नाही, हे लिहावं लागतंय. माझं नाव घेताना म्हणाला, सरांचं मौन व्रत असल्यामुळे त्यांना कुणी बोलतं करू नये ही विनंती. आठशे माणसांनी ती पाळली. दिवसभर लोक माझ्यासमोर येऊन हात जोडत होते आणि जात होते. जेवताना वाढप्यानेसुद्धा भात हवा का विचारलं नाही. वाढला नाही.

चार वाजता पाठवणी. निकिता आईच्या गळ्यात पडून रडली. तात्यारावाच्या गळ्यात पडून रडली, तोही रडला. मग माझ्यासमोर आली आणि वाकली. बावीस पानांतलं एकही वाक्य मला आठवलं नाही. आठवलं ते वेगळंच होतं. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, चुकलं माझं, एवढंच. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या लेकींना माइकवरून निरोप दिले, तिथे असलं वाक्य कधी लागलं नाही.

मी तोंड उघडलं. तिने डोळे पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, राहू द्या बाबा. लोक बघायलेत. व्रत मोडंल.

आणि गाडीत जाऊन बसली. दत्तरावांनी गाडीच्या खिडकीतून मला नमस्कार केला.

धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच होतो. मग मांडवात येऊन बसलो आणि ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. दोनदा म्हटलं. मांडववाला परमेश्वर खुर्च्या एकात एक घालत माझ्यापर्यंत आला. म्हणाला, सर, जरा उठता का, येवढी एकच राहिलीय.