ईश्वरीला बघायला आलेले लोक

४ डिसेंबर, दिंद्रुड
काल ईश्वरीला संभाजीनगरहून घरी आणलं. रक्ताचा कॅन्सर, सहा वर्षांची पोर, केमोचा हा फेरा फार जड गेला. डॉक्टरांनी बजावलं की पांढऱ्या पेशी उरलेल्या नाहीत, घरात गर्दी नको, खोकणारं माणूस तर उंबऱ्याच्या आत नको. सासूबाईंनी मान डोलावली होती. सकाळी पाहते तर ओसरीवर चपलांचा ढीग.

५ डिसें.
आमच्याकडे आजाऱ्याला बघायला जावंच लागतं. आजाऱ्याची इच्छा कोण विचारतो. न गेलं तर बोल लागतो. आज एक लांबची चुलतसासू बिस्किटाचा पुडा देऊन खाटेवरच बसली.
"आमच्या नणंदेच्या पोरालाबी ह्योच आजार हुता."
"मग?"
"मग काय, गेलं की."
पोरीसमोर. वर चहा पिऊन, मोबाइलवर पोरीचा फोटो काढून गेली, साखर कमी होती म्हणे.

७ डिसें.
दाराला आतून कडी. कुणीही आलं तर खिडकीतून बोलायचं. सासूबाई फणकारल्या, "कावून एवढं सोवळं? उद्या आपल्या दारात कुत्रंबी यायचं न्हाई." म्हटलं, कुत्र्याला येऊ द्या, ते फोटो काढत नाही. दिवसभर अबोला. बरंच झालं. ईश्वरी खिडकीतून गल्लीतल्या पोरींना टक्कल दाखवते आणि स्वतःच हसते.

१० डिसें.
धाकटे दीर आले. त्यांना पंचायत समितीचं तिकीट पाहिजे, म्हणून तिकीट वाटणारे साहेब उद्या ईश्वरीला "भेटायला" येणार. खिडकीतून भेटवा म्हटलं.
"वहिनी, साहेबाला काय खिडकीत उभं करायचं असतंय का?"
 भावापुढे ह्यांची जीभ टाळ्याला चिकटते, लग्नापासून बघते आहे.

११ डिसें.
कडी ह्यांनीच काढली. साहेब गाडीतून उतरले ते खोकतच. मी मास्क पुढे केला, घातलाही त्यांनी. तर दीर म्हणतात, "साहेब, काढा ते. तोंड दिसंना फोटोत." काढला. ईश्वरीचाही काढला, हस म्हणाले, ती हसली. शाल, श्रीफळ. सत्कार कशाचा, तर कॅन्सर झाल्याचा. मांडीवर घेऊन गालाला गाल लावला, "लई गोड पोरगी हाय," आणि खोकले, थेट तिच्या डोक्यावर. तिथं आडवे यायला केसही नाहीत.
मी पोर ओढून घेतली. म्हणे साहेबांचा अपमान झाला. संध्याकाळपर्यंत फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर. फोटोखाली गावाने जोडलेल्या हातांची चिन्हं टाकलेली.

१४ डिसें.
नाक वाहतंय. सासूबाई, "थंडी हाय, समद्यांलाच व्हायलंय." दुपारी ताप. डॉक्टर फोनवर एवढंच म्हणाले, निघा. गाडीत हे दोनदा म्हणाले, साधी सर्दी असेल. मी तोंड उघडलं असतं तर गाडी थांबवावी लागली असती.

१५ डिसें., रुग्णालय
नाकातला नमुना तपासला. फ्लू. छातीत उतरलाय. धडधाकट माणसाला चार दिवस अंथरुणावर पाडतो, हिच्याकडे लढायला काहीच नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑक्सिजन लावलाय. केमो थांबवलाय. म्हणजे तिकडे कॅन्सरला रान मोकळं.
हे बाहेर भिंतीला डोकं टेकून उभे होते. मला कीव आली नाही. येईल कधीतरी.

१६ डिसें.
श्वास भराभर चाललाय, बरगड्या आत ओढल्या जातात. मला भीती वाटते. एवढे दिवस सगळ्यांना शिव्या घालतेय, त्याच्या खाली एवढंच आहे.
सकाळी नळी बाजूला करून विचारलं तिने, "आई, ते फोटोवाले काका परत येतेत का? मी हसणार न्हाई आता."
दुपारी दिरांचा फोन. "साहेबाला लई वाईट वाटलं, वहिनी. तिकडंच यायलेत, गाड्या भरून. खोकल्यानं बेजार हायेत, तरी निघालेत बघा."
माझा आवाज चढला. काय बोलले आठवत नाही. ह्यांनी सगळं ऐकलं, उठले आणि बाहेर जाऊन दाराला पाठ लावून उभे राहिले. काचेतून फक्त पाठ दिसते. सदरा चुरगळलाय.
जिन्यावर माणसं बोलत येताहेत. दिरांचा आवाज ओळखू येतोय. हे अजून हललेले नाहीत. बघू.