बापूसाहेबांची बैलजोडी

शिक्रापूर,
पोळ्याचा दुसरा दिवस, २००२

आरिफभाई, सलाम.

तुम्ही दर ईदला विचारता, "सिद्दीक, तुझं ते मोठं चित्र कुठवर आलं?" आणि मी म्हणतो, येतंय. खोटं. बारा वर्षांत एक रेघ पडलेली नाही. काहीतरी महान काढायचं, एवढंच ठरलं होतं. काय, ते कधीच ठरलं नाही.

या उन्हाळ्यात एकच ठरवलं. केंदूरच्या बापूसाहेबांची बैलजोडी पोळ्यापर्यंत त्यांच्या भिंतीवर अशी काढायची, की खाली नावं लिहावी लागू नयेत. वीस रविवार गोठ्यात बसून शिंगांचे बाकसुद्धा मोजले. भिंतीला ताडपत्री लावली. पुरं होईस्तोवर कुणाला बघू दिलं नाही.

काल ताडपत्री काढली. बापूसाहेब बघतच राहिले, मग हसायला लागले. "पेंटर, हरण्या-पाखऱ्या हुबेहूब हायेत, पन जोडी उलटी जुंपली की! पाखऱ्या कायम डाव्या अंगाला चालतो. असं जुंपलं तर दोघं जागचं हलायचं न्हाईत!"

गोठ्यात बांधलेले दिसले तसेच मी जुवाखाली काढले होते. आजवर लोक नुसतं 'छान' म्हणायचे. इतकी नेमकी चूक कुणी दाखवलीच नव्हती.

मी तिथंच चुना मागितला. बापूसाहेबांच्या घरच्या कस्तुरावहिनी ओरडल्या, "अवो, निवद तरी दाखवू द्या त्यास्नी!"

चित्रातल्या जोडीला निवद दाखवून झाल्यावर दोन्ही बैल चुन्यानं पुसले.

ईदला समोरच सांगेन, म्हणून हे पत्र टाकत नाही. जोडी पुन्हा सरळ जुंपून काढायची, आठ दिवसांचं काम आहे, भाई. माझं काम किती दिवसांचं, हे मला पहिल्यांदाच ठाऊक आहे.

तुमचा धाकटा,
सिद्दीक