दाजींनी दिलेली साक्ष

ताई,

दाजींच्या फुफ्फुसात दगडाची धूळ बसलीय असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा तू माझ्याच खांद्यावर रडलीस. दगड कापायच्या त्या कारखान्यात मुकादम मी आहे, ताई. तपासणीच्या सकाळी मी सगळ्यांना मास्क वाटायचो आणि अधिकारी गेले की परत गोळा करून कपाटात ठेवायचो. मालकाचा हुकूम होता. दाजींचाही काढून घ्यायचो.

गेल्या वर्षी अधिकाऱ्यांनी त्यांनाच विचारलं, "मास्क रोज मिळतो?"

दाजींनी खोकला दाबत माझ्याकडे पाहिलं. "मिळतो की," म्हणाले. मेव्हण्याची नोकरी राखली त्यांनी.

सोमवारी अधिकारी चौकशीला येणार आहेत. त्यांना मी खरं सांगेन. तुला सांगायला जीभ रेटेना म्हणून लिहिलं, आणि आता द्यायला हात पुढे होत नाही.

तुझा धाकटा