भाऊंचं घड्याळ आणि सुरमईचा काटा

नेरूळ, ३० जुलै २०२५

ती. मीनाताईस, दिलीपचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं नुसतं ओरडणं ऐकू येतं, म्हणून पत्र. डावा कान गेला, उजव्याचाही भरवसा नाही म्हणालीस. तो आहे तोवर भाऊंचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून तुला ऐकवायचंच, म्हणून उघडलं.

ते टिकटिक न करता गुणगुणतं का, ते आता कळलं. आत इवलासा नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, आहे, त्याच्या टोकांना चुंबक. आतली एक बारीक पट्टी किंचित सरकवायची होती; पोलादी सुई घातली तर चुंबकाने ओढलीच! घड्याळातली केसाहून बारीक तार थोडक्यात वाचली. मग बांबूची काडी पिंजली, पितळी तार वाकली. शेवटी ताटातला सुरमईचा काटा नखांच्या कानशीवर घासून रिफिलच्या नळीत बसवला. झकास! आतली पट्टी सरकली, घड्याळ क्षणभर गुणगुणलं आणि काटा मोडला. आता श्रावण लागला, वैदेही घरात मासळी येऊ देत नाही. तूच तुझ्या भावजयीला समजाव.

लोभ आहेच, तूर्त माझ्या बाजूने असावा.
दिलीप

चिपळूण, ५ ऑगस्ट

चि. दिलीपास अनेक आशीर्वाद.

हसून पुरेवाट झाली. बाबा रे, श्रावणात मासे खायचे नसतात. काट्याने घड्याळ दुरुस्त करू नये असं कुठल्या पोथीत आहे? पण वैदेहीचा ओटा बाटवू नकोस, शेजारच्या आरिफाभाभींकडे माग. आणि घाई कर. काल कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. मला भीती वाटते रे.

तुझी ताई

नेरूळ, १४ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

आरिफाभाभींनी काटे धुऊन डब्यात दिले, वर मांजर कधी पाळलंत म्हणून विचारलं! बरेच मोडले, एक टिकला. पट्टी जरा जास्त सरकली की घड्याळ मुकं, कमी सरकली की सुसाट. आता नीट चालतंय. वैदेहीनेही कानाला लावून पाहिलं. आपल्या ऋषीबरोबर पाठवतोय. ऐकू आलं का, लगेच कळव.

वाट पाहणारा,
दिलीप

चिपळूण, २० ऑगस्ट

चि. दिलीपास आशीर्वाद.

ऋषी समोर बसला होता. घड्याळ कानाला लावलं, काहीच नाही. पोराचं तोंड बघून ऐकू येतंय म्हणाले.

तो गेल्यावर दुपारी घड्याळ बांधून आडवी झाले. लहानपणी भाऊ आपल्याला झोपवताना घड्याळाचा हात उशाला द्यायचे, तसंच मनगट डोक्याखाली घेतलं. कानामागच्या हाडाला घड्याळ टेकलं आणि दिलीप, आलं रे! तीच गुणगुण, थेट हाडातून. पोटभर रडले.

घड्याळ आता परत मागू नकोस. आणि ऋषीला सांग, आत्या तेव्हा खोटं बोलली होती, आता खरं सांगतेय.

तुझी ताई