पाणी थोडेसेच निघेल

दि. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या गावाचं नशीब उघडलं! गावाखालच्या कोळशाच्या थरात मिथेन वायू आहे आणि तो काढायचं काम आमच्या कंपनीकडे येतंय. खाण नाही, सुरुंग नाही, धूळ नाही, नुसत्या नळ्या. सोबत माहितीपत्रक पाठवलंय. मजकूर सगळा माझा, साहेबांनी फक्त सही केली. बावीस तारखेला तुमच्या शाळेत जनसुनावणी आहे. तेवढं दाजींना सांभाळ. पंप दुरुस्त करता करता ते अख्ख्या गावाचे कान भरतात.

लोभ असू दे, आणि माझे कान ओढायचे तर पत्रातूनच ओढ.

तुझा,
धाकटा


दि. ११ जानेवारी

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

पत्रक पोचलं. कागद इतका गुळगुळीत की माशी घसरून पडेल. वरच्या चित्रात एक बाई हिरव्या शेतात हसतेय आणि तिच्यामागे बर्फाचे डोंगर! आमच्याकडे उंच म्हणजे पाण्याची टाकी. मी शिलाई मशीनवर बसून मोठ्याने वाचलं, तर कपडे शिवायला आलेल्या बायका हसता हसता मापं द्यायची विसरल्या.

ह्यांनी मात्र एकच वाक्य पकडलंय: वायू मोकळा होण्यासाठी थरातील थोडेसे पाणी उपसले जाईल. तीस वर्षं विहिरींत पंप सोडणारा माणूस तो. थोडेसे म्हणजे किती फूट, एवढंच विचारतायत. तुझी भाषा लहानपणापासून चांगली. थाप मारताना तर फारच शुद्ध होते.

माया आहे म्हणून टोचते. सुई माझ्या धंद्यातलीच.

तुझी,
ताई


दि. १६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू थट्टा करतेस, साहेब वाक्यं बदलतात, मधल्यामध्ये मी भरडतोय. मजकूर सगळा माझा म्हणालो ती फुशारकी. हे वाचून फाडून टाक: कंपनीच्या पहिल्या प्रकल्पाजवळच्या नऊ विहिरी दोन वर्षांत आटल्या. मी ते लिहिलं होतं. साहेबांनी खोडलं आणि त्या जागी ‘थोडेसे’ घातलं. दोष पावसाचा, असं त्यांचं म्हणणं. असेलही. सुनावणीला मी येत नाही. नोकरी लागून आठच महिने झालेत, एवढं ध्यानात घे.

रागावलीस तरी आपला म्हण.

धाकटा


दि. २४ जानेवारी

चि. धाकट्यास आशीर्वाद.

सुनावणी झाली. साहेब पहिलीच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. तेवढीच काय ती करमणूक. ह्यांनी विहिरींचं विचारलं. साहेब म्हणाले, आजवर कुठेही एका विहिरीला धक्का लागलेला नाही.

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी उठले नाही. ते वाचून दाखवलं असतं, तर संध्याकाळपर्यंत तू घरी बसला असतास. घरी आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. तेव्हापासून हे माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

कंपनीचे कागद अपुरे निघाले म्हणून बारा फेब्रुवारीला पुन्हा सुनावणी आहे. तुझं बोलणं मी बोलणार नाही. तोंड देवाने तुलाही दिलंय.

तब्येतीला जप.

ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येतोय. साहेबांना सांगितलेलं नाही.

धाकटा


दि. १५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अनेक अनेक आशीर्वाद.

सुनावणी संपताच न जेवता गाडी गाठलीस, म्हणून लिहिते. तू चार वाक्यं बोललास, त्यातली दोन घसा खाकरण्यात गेली. पण नऊ विहिरी सगळ्यांनी ऐकल्या. साहेब म्हणाले, हे यांचं वैयक्तिक मत. त्यावर सुनावणी घेणाऱ्या सरकारी अधिकारी बाईंनी विचारलं की आटलेली विहीर वैयक्तिक कशी असते. काल हुकूम आला: वर्षभर प्रत्येक विहिरीची पातळी मोजल्याशिवाय परवानगी नाही. नळ्या टळल्या नाहीत, लांबल्या. मोजायचं काम ह्यांच्याकडे. दोर खांद्यावर टाकून असे फिरतायत, जणू पाताळच ह्यांच्या नावावर झालंय.

तुझी नोकरी गेल्याचं कळलं. तेव्हा एक कबूल करते. तू बोलायला उभा राहिलास ना, तेव्हा तुला ओढून खाली बसवायला मी निघाले होते. पत्रातून तलवार चालवणारी मी! ह्यांनी माझं मनगट धरलं आणि तू बोलून होईस्तोवर सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत वळ होता.

अशा बहिणीवर माया ठेवता आली तर ठेव.

तुझी,
ताई