वाकू नकोस

प्रिय भिंगरी,

काल फोनवर तू इतकी खुशीत होतीस की मी नुसतं हं हं करत राहिले. निवड झाली, तीही माझ्याच भुयारातल्या प्रयोगावर, आणि सोमवारपासून रुजू! तुझे बाबा शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून आले. मी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तशीच उभी राहिले. तुला वाटलं असेल, आईला आनंदाने शब्द सुचत नाहीयेत.

तुझ्या जन्माआधीपासून मी तो एक कण शोधतेय, जो भिंतीतून, डोंगरातून, तुझ्यामाझ्यातून आरपार जातो आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. बाकीचे कण वरच्या खडकातच अडावेत आणि तो एकटाच खाली पोचावा, म्हणून तर आम्ही जमिनीखाली इतकं खोल गेलो. डोक्याला टोपी, हातात मोजे, आणि त्याची चाहूल टिपणाऱ्या केसासारख्या बारीक तारा एकेक करून ताणायच्या; शिंक आली तर आधी खोलीबाहेर पळायचं. तुझे आजोबा भेटले की विचारायचे, ‘सापडला का गं तुझा कण?’ जणू माझी म्हैसच हरवली होती. शेवटी आम्ही छापलं काय, तर इतकं शोधूनही तो इथे नाही. तू पोट धरून हसली होतीस. मला मात्र त्या ‘नाही’चा अभिमान होता, अजून आहे.

त्या तारा द्रवरूप आर्गॉनच्या टाकीत बुडवलेल्या असतात, हे तुला ठाऊकच आहे. आर्गॉन विषारी नाही, आपण रोज श्वासातून घेतो. पण टाकीतून गळाला की तो थंड आणि जड असा खाली पसरतो, खड्ड्यात साचतो आणि तिथला प्राणवायू बाहेर ढकलतो. वास नाही, खोकला नाही, गुदमरल्यासारखंसुद्धा होत नाही. माणूस बोलता बोलता खाली बसतो.

तुला खांद्यावर घेऊन नाचणारा दाढीकाका, माझा पाळीतला जोडीदार, परगावी गेला असं आम्ही तुला सांगितलं होतं. परगावी नाही गं, तो माझ्यासमोर गेला. झडप नीट बंद होते का ते पाहायला टाकीखालच्या खड्ड्यात उतरला होता. मी वर टॉर्च धरून उभी. ‘पान्हा दे,’ म्हणाला, आणि मी पान्हा पुढे करेपर्यंत भिंतीला टेकून बसला. मला वाटलं, चेष्टा करतोय. ‘ऊठ रे, नाटकं पुरे,’ म्हणाले. मग त्याच्याभोवतीचं पांढरं धुकं दिसलं. मी वाकले, तशी कमरेला लावलेलं प्राणवायू मोजायचं यंत्र किंचाळलं आणि माझे पाय आपोआप मागे सरले. त्याला तिथेच सोडून मी हवेच्या नळकांड्याचे मास्क ठेवलेल्या कपाटाकडे धावले. मास्कचा पट्टा दोनदा निसटला, पुन्हा लावला. बाकीचे धावत आले आणि आम्ही त्याला वर ओढलं, तोवर उशीर झाला होता. सगळे म्हणाले, तू नियमाने वागलीस म्हणून एकच गेला. खरंच आहे ते. पण अजूनही कुणी काही उचलायला वाकलं की माझा हात त्याला मागे खेचायला पुढे जातो. तू चप्पल शोधायला पलंगाखाली शिरायचीस आणि मी ओरडायचे, आठवतं? तुला वाटायचं, आई झुरळांना घाबरते.

त्यानंतर मी खाली गेले नाही. पाठदुखीचं कारण सांगून वरच्या खोलीत आकड्यांपुढे बसले. पण आज आमच्या प्रमुखांचा फोन आला. टाकी नव्याने भरायची आहे, त्या जुन्या झडपा माहीत असलेलं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही, आणि सोमवारी पाळीत माझ्या जोडीला तू आहेस. मी हो म्हणाले. तुझ्याजवळ दुसरं कुणी असण्यापेक्षा मी असलेली बरी, एवढाच विचार केला. आता नीट ऐक. तोंडावर सांगितलं तर तू गळ्यात पडून हसण्यावारी नेशील, म्हणून लिहितेय. खाली मी पडले, तर तू वाकायचं नाहीस. हात द्यायचा नाही, थांबायचं नाही. आधी मास्क, मग बाकी सगळं. मला तसं वचन दे. आणि उलटं झालं तर मी काय करीन, ते विचारू नकोस. नियम मला पाठ आहे गं. तू खाली पडलेली दिसल्यावर तो पाळीन, असं लिहायला मात्र हात धजत नाही.

तुझीच,
आई